ऐकू आलेला हुकूम

"मागचा नांगर सोडा," हेडफोनमध्ये कप्तानाच्या ब्रिजवरून आवाज आला.

स्वच्छ आला. शेजारी बसून कुणी चहा मागावा इतका स्वच्छ. मी ब्रेकच्या चाकावर दोन्ही हात ठेवले आणि सारंगदादांकडे बघून ओरडलो, "दादा, हुकूम इलो! सोडतंय!"

"रव," दादा म्हणाले आणि त्यांनी आपला पंजा माझ्या हातांवर ठेवला.

"अहो, ब्रिजवरसून सांगतत!"

"रव म्हटलंय ना. गेल्या खेपेक असोच सोडलेलो, नि काय झाला ता इसारलंस?"

विसरलो नव्हतो. बाकीची जहाजं किनाऱ्याला घाबरतात, आमची 'कूर्म' मुद्दाम किनाऱ्यावर चढायची. रणगाडे उतरवायचं जहाज होतं ते. पोट सपाट, नाकाला दोन दरवाजे. वाळूवर नाक टेकवायचं, दरवाजे उघडायचे, उतरती फळी खाली टाकायची आणि आतली वाहनं सुकी बाहेर काढायची. कागदावर तिचं काम युद्धाचं होतं. प्रत्यक्षात तिने रणगाड्यांपेक्षा तांदूळ, सिमेंट आणि मतपेट्याच जास्त वाहिल्या, आणि एकदा तर शंभर शेळ्या. त्या शेळ्यांचा वास पुढे दोन महिने जेवणाला येत होता.

चढणं सोपं, उतरणं कठीण. म्हणून किनारा दोन-अडीचशे मीटरवर आला की मागचा नांगर पाण्यात सोडून द्यायचा. जहाज पुढे जातं, मागे पोलादी दोर सुटत राहतो. काम झालं की त्याच दोरावर स्वतःला मागे ओढून घ्यायचं आणि खोल पाण्यात निघून जायचं. तो नांगर वेळेवर पडला नाही तर जहाज वाळूवर चढतं आणि तिथेच राहतं.

त्या नांगराच्या ब्रेकवर मी होतो. लीडिंग सीमन जयवंत कुबल, राहणार देवगडजवळचं तांबळडेग, वय सत्तावीस. छातीवर फोन, कानांना हेडफोन. आणि मागच्या डेकचे मालक चीफ पेटी ऑफिसर मनोहर सारंग, वेंगुर्ल्याचे. आम्हा कोकणातल्या पोरांचे सारंगदादा.

महिन्यापूर्वी एका सरावात कप्तानसाहेबांचा हुकूम जरा लवकर आला होता. नांगर लवकर पडला, दोर संपला आणि जहाज किनाऱ्याच्या अलीकडेच वीस मीटरवर लटकलं. पहिला ट्रक उतरला तो सरळ छातीभर पाण्यात. बघायला ॲडमिरलसाहेब होते. सगळ्या ताफ्यात आमची चेष्टा झाली आणि चेष्टेचा मोठा वाटा दादांच्या वाट्याला आला, कारण दोर त्यांचा. तेव्हापासून दादांच्या मनात बसलं होतं की कप्तानाला अंतर कळत नाही. आपल्याला कळतं. लाटेचा रंग बघून कळतं. वेंगुर्ल्याला सात पिढ्या होड्या लावलेल्या घराण्यातला माणूस!

"मागचा नांगर सोडा!" दुसऱ्यांदा आवाज आला. हुकूम मिळाला की तो शब्दशः परत म्हणून दाखवायचा, असा नियम. मी तोंड उघडलं. दादांनी मान हलवली.

"बोलू नको. मी सांगतंय तेवा."

मी गप्प राहिलो. का राहिलो, हे मला नंतर फारसं कुणी विचारलं नाही, कारण फारसं कुणाला ते माहीतच नव्हतं. मी स्वतःला मात्र रोज विचारलं. उत्तर साधं आहे. त्या माणसाने मला दोराची गाठ शिकवली होती. त्यांच्या क्वार्टरमध्ये सुमतीवहिनींच्या हातची तिरफळ घातलेली बांगड्याची कढी मी चार वर्षं जेवत होतो. माझं लग्न ठरवायला माझ्या वडिलांबरोबर दादा गेले होते. ते 'रव' म्हणाले की मी थांबायचो.

तिसरा हुकूम किंचाळत आला आणि त्याच क्षणी पायाखालचा डेक थडथडला.

ते बेट अंदमानाकडचं. दोन दिवसांपूर्वी तिथे वादळ होऊन गेलं होतं. आमच्या पोटात दोन बुलडोझर, पाण्याचे सहा टँकर आणि तांदूळ होता. वादळाने किनाऱ्यापासून बरंच आत समुद्रात, पाण्याखाली, वाळूचा नवाच बांध घातला होता. कोकणात तसला बांध असला तर वरची लाट पिवळी दिसते. तिथली वाळू पांढरी. लाट निळी ती निळीच दिसली आणि 'कूर्म' बांधावर चढली.

दादांनी हात उचलला. "सोड! सोड!"

मी सोडला. नांगर सरळ जहाजाच्या शेपटीखाली पडला. घरातली चूल दारातच मांडावी इतका निरुपयोगी. वर भरती संपून ओहोटी लागलेली. तासाभरात जहाज आडवं फिरलं आणि एका कुशीवर कललं. स्वयंपाकघरात डाळीचं पातेलं उलटून एका आचाऱ्याचे पाय भाजले. किनाऱ्यावर बेटावरचे लोक हंडे, बादल्या घेऊन उभे होते आणि आमचे टँकर त्यांच्यापासून शंभर मीटरवर तिरके अडकून पडले होते. ते दृश्य मला अजून नकोसं वाटतं.

दादा माझ्याजवळ आले. चेहरा पांढराफटक.

"जयवंता, आयक. फोन बंद पडलो म्हणान सांग. तुका काय आयकूकच इला नाय."

"पण दादा..."

"फोनाचो दोष. फोनाक कोण फाशी देतलो? तुजा काय जाता नाय, माजा काय जाता नाय. पेन्शनीक पाच म्हयने रवले माजे, बाबा. तीस वर्सा झाली ह्या दर्यार."

मला दादांची कीव आली. खरं सांगतो, स्वतःची काळजी वाटायच्या आधी त्यांची कीव आली. मी म्हटलं, "बरा."

दुपारी आम्हा सगळ्यांना खाली उतरवलं. कंबरभर पाण्यात उभं राहून आम्ही जहाजाच्या पोटाखालची वाळू उपसत होतो. पाणी मग छोट्या लँडिंग बोटींतून पिंपं भरभरून किनाऱ्यावर पोचवलं. अशा चार बोटी 'कूर्म'च्या बगलेला टांगलेल्या असत. पुढच्या महिन्यापासून त्यातल्या तीन नंबरच्या बोटीचं सुकाणू मला मिळणार होतं. नाव यादीत लागलं होतं. माझ्या वडिलांनी जन्मभर दुसऱ्याच्या होडीत जाळी ओढली, सुकाणूला कधी कुणी हात लावू दिला नाही. त्यांना मी पत्राने कळवलं होतं आणि त्यांनी ते पत्र तांबळडेगच्या निम्म्या वाडीला वाचून दाखवलं होतं. मला दुसरं काही नको होतं. ती बोट हवी होती.

नवव्या दिवशी मोठ्या भरतीला दोन टगांनी ओढून 'कूर्म' सुटली. बुडाचे पत्रे वाकले होते. रडतखडत तळावर आलो आणि दोन दिवसांत चौकशी बसली.

लांब टेबल, तीन अधिकारी, मी टोपी काखेत धरून उभा. मी सांगितलं, हुकूम ऐकू आला नाही, फोन बंद असावा. त्यांनी कागदावर लिहून घेतलं, मी सही केली. मग मधले अधिकारी म्हणाले, "फोन काल विद्युत विभागाने तपासला. उत्तम चालतो."

त्यांनी मला मागच्या खुर्चीवर बसवलं आणि दादांना बोलावलं.

दादा आले. ताठ उभे राहिले. माझ्याकडे बघितलं नाही.

"फोन चांगलाच होता, साहेब," ते हिंदीत म्हणाले. "दोष या पोराच्या कानांचा. तोफेच्या सरावापासून याला कमी ऐकू येतं. मला ठाऊक होतं. गरिबाची नोकरी जाईल म्हणून मी झाकून घेतलं. ती चूक माझी, त्याची शिक्षा मला द्या."

त्यांचा आवाज भरून आला होता. टेबलावरच्या तिघांच्या चेहऱ्यांवर त्यांच्याबद्दल आदर दिसला. चार वर्षं ज्यांच्या घरी जेवलो ते दादा हेच का, असं मी वेड्यासारखा त्यांच्या पाठीकडे बघत राहिलो.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं.

"दादा, तुमी ह्या काय सांगल्यात?"

"मग काय सांगतलंय? फोन बरो निघालो. आता दोनच वाटो. तुका आयकूक इला नि तू सोडलंस नाय, म्हणजे कोर्टमार्शल. नायतर तुका आयकूकच इला नाय. कान बिघडलो तर तेचो गुन्हो खय होता?"

"नि तिसरी वाट?"

"तिसरी खयची?"

"तुमी माजो हात धरल्यात, ती."

दादांनी व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना बघितलं. मग माझा खांदा धरला.

"जयवंता, ऐन टायमाक सुचला ता बोललंय. तुका वाचवूक बोललंय. उद्या तुझ्या कानांची तपासणी आसा. थय गप बस. सहा म्हयने किनाऱ्यार काढ, मगे परत तपासणी कर नि सगळा आयकूक येता म्हणान सांग. तुका बोटीर परत घेवूक कप्तानाकडसून चिठी मी घेतंय. बोट खय पळान जाता? वेतोबाची शपथ घेतंय तुका."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. वेतोबाची शपथ वेंगुर्ल्याचा माणूस उगीच घेत नाही, हे मला माहीत होतं. आणि ऐन वेळी घाबरून माणूस काहीही बोलून जातो, हेही पटण्यासारखं होतं. मी रागावलो होतो, पण मी त्यांना मनातून माफ करून टाकलं.

इस्पितळात एक काचेची खोली होती. आत स्टूल, कानांना हेडफोन, हातात बटण. बाहेर डॉक्टर बेडेकर, तेही नौदलातलेच, पुण्याचे. "आवाज आला की बटण दाबायचं," ते म्हणाले. "कितीही बारीक असला तरी."

पहिला आवाज आला. टिटवी लांबून ओरडते तसा. मी अंगठा उचलला आणि तसाच धरून ठेवला. दुसरा आला. तिसरा, त्याहून बारीक. चौथा तर इतका बारीक की ऐकू आला याचा मलाच अभिमान वाटला. प्रत्येक आवाज मी ऐकला. मोठे तेवढे दोन-चार दाबले, बाकी सगळे सोडून दिले. अर्धा तास मी त्या काचेमागे बसून स्वतःला बहिरा करत होतो आणि मनात एकच हिशेब, सहा महिने, फक्त सहा महिने.

डॉक्टरांनी आलेख बघितला, माझ्याकडे बघितलं, परत आलेख बघितला. "समुद्रावर काम करायला अपात्र," त्यांनी लिहिलं. मी त्याखालीही सही केली.

दुसऱ्या दिवशी सामान न्यायला जहाजावर गेलो. कार्यालयात गजभिये होता. नागपूरकडचा, जहाजाचं सगळं टंकलेखन त्याच्याकडे. माझ्या बदलीचा कागद त्याने मशीनमधून काढला आणि माझ्यापुढे धरला.

"कुबल, एक विचारू का बे? तुले खरंच ऐकू येत नाही?"

मी कागद घेतला आणि त्याची घडी घालू लागलो.

"नाही म्हणजे, मीच टाइप केलं होतं ना ते. पण मले काही पटलं नाही. मी मेसमध्ये हळूच शिवी दिली तरी तू मागून उत्तर देते."

"काय टाइप केलंस?"

"सारंग चीफचा जबाब."

"परवा चौकशीत दिला तो?"

"परवाचा कुठला? त्याच दिवशीचा. जहाज रुतलं ना, त्या दुपारचा. तू खाली वाळूत फावडं मारून राहिला होता, अन् चीफ इथं, या खुर्चीवर बसून सांगत होते. चौकशीत त्यायनं तोच पाठ म्हटला." त्याने खणातून नक्कल काढली. "हे बघ."

मी वाचलं. 'फोन उत्तम चालत होता. लीडिंग सीमन कुबल यास कमी ऐकू येते, हे मला पूर्वीपासून माहीत होते.' खाली दादांची सही, आणि सहीखाली तारीख. जहाज रुतलं तीच तारीख. वेळ दुपारी दोन.

फोन तपासला गेला तो त्यानंतर दहा दिवसांनी.

मी ते परत वाचलं. म्हणजे ऐन वेळी सुचलेलं काहीच नव्हतं. सकाळी त्यांनी मला फोनचं खोटं दिलं आणि दुपारी, माझ्या हातांवर वाळूने फोड येत असताना, त्याच फोनाला साक्षीला काढून माझे कान विकले. मला फोनचं खोटं दिलं ते मी तीन लोकांसमोर 'ऐकू आलं नाही' असं स्वतःच्या तोंडाने म्हणावं म्हणून. पुढचं सगळं त्या एका वाक्यावर उभं राहणार होतं. आणि व्हरांड्यातलं डोळ्यांतलं पाणी? वेतोबा?

"जाऊन सांग ना मंग त्यायले," गजभिये म्हणाला. "हा कागद घेऊन जा. मी सांगतो टाइप केव्हा केलं ते."

"काय सांगू? चौकशीत खोटं बोललो, सही केली. काचेत बसून खोटं बोललो, सही केली. आता तिसऱ्यांदा खरं बोलतोय म्हणून?"

गजभियेने नक्कल परत खणात ठेवली.

जिन्याच्या तोंडाशी दादा भेटले. माझी पेटी त्यांनी स्वतः उचलून खाली धक्क्यावर ठेवली. "सहाच म्हयने," ते हळूच म्हणाले. मला त्यांच्या तोंडावर थुंकायचं होतं. मी म्हटलं, "व्हय, दादा." एवढी वर्षं तेच म्हणत आलो होतो, जीभ दुसरं काही बोलेचना.

सहा महिन्यांनी मी तपासणीला गेलो. कप्तानसाहेबांची बदली झाली होती, दादा सन्मानाने निवृत्त होऊन वेंगुर्ल्याला गेले होते. चिठी कुणीच दिली नव्हती. काचेच्या खोलीत मी प्रत्येक आवाजाला बटण दाबलं. डॉक्टर बेडेकरांनी दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवले.

"कुबल, असे कान परत येत नाहीत," ते म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते. "तेव्हा ऐकू येत नव्हतं किंवा आता ऐकू येतंय, यातलं एक खोटं आहे. कुठलं ते तुम्हीच सांगा. मी तेच लिहितो."

पहिलं खोटं म्हटलं तर शिक्षा. मी म्हटलं, "आताचं, साहेब. अंदाजाने दाबत होतो."

बोट दुसऱ्याला मिळाली. उरलेली वर्षं मी किनाऱ्यावरच्या भांडारात दोरखंड आणि रंगाचे डबे सांभाळत काढली. वडील विचारायचे, मी विषय बदलायचो. त्यांनी नंतर विचारणं सोडलं, पण वाडीला काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही.

'कूर्म' निवृत्त झाली तेव्हा जुन्या सगळ्यांना बोलावणं होतं. बायको म्हणाली, जाऊ नका. मी गेलो. धक्क्यावर मांडव, बँड, प्रत्येकाच्या हातात जहाजाचा इतिहास छापलेलं गुळगुळीत पुस्तक. अठ्ठावीस वर्षांची कारकीर्द, किती मैल चालली, कुठली वादळं, कुठली बेटं, सगळं. त्या सालापाशी एक ओळ होती: 'एका नाविकास श्रवणदोषामुळे हुकूम ऐकू न आल्याने जहाज काही काळ वाळूत रुतले.' माझं नाव नव्हतं. तेवढी दया दाखवली होती.

"जयवंता!"

सारंगदादा होते. सत्तरीचे, वाकलेले, हातात काठी, शेजारी सुमतीवहिनी. वीस वर्षांत मी त्यांना काय काय बोलायचं ठरवलं होतं! सगळं ओठांवर आलं. तेवढ्यात ते अगदी जवळ आले, तोंड माझ्या कानाला लावलं आणि सगळ्या मांडवाने वळून बघावं एवढ्या मोठ्याने ओरडले,

"कसो आसस? आयकूक येता मां थोडाफार?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. कुठेतरी मस्करी असेल, लाज असेल, निदान भीती तरी असेल म्हणून शोधलं. काहीच नव्हतं. होती ती निव्वळ माया. या जगात तो हुकूम मला ऐकू आल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला तो एकच माणूस, आणि तोसुद्धा ते विसरून गेला होता.

ते वहिनींकडे वळले आणि नेहमीच्या आवाजात, माझ्यापासून हातभर अंतरावर म्हणाले, "ह्योच तो कुबल. आपल्याकडे जेवूक येय. त्या दिवशी मी मधी पडलंय नसतंय तर तुरुंगात जातलो होतो बिचारो."

"अरे देवा," वहिनी म्हणाल्या. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि कानाशी वाकून, एकेक शब्द सुटा करत ओरडल्या, "जेवन... जा... हां!"

आजूबाजूचे लोक कौतुकाने बघत होते. मी हसलो आणि बहिरी माणसं हलवतात तशी मोठ्याने मान हलवली.